वृत्तवाहिनीने आपला व्हिडिओ उचलला तर : कोकणातील यूट्यूबरांसाठी व्यवहाराची रीत

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा राज्यभर पोहोचलेल्या दृश्यांपैकी कित्येक दृश्ये माड्यांवर अडकलेल्या रहिवाशांनीच मोबाईलवर टिपलेली होती. अशी दृश्ये वाहिन्यांवर झळकतात तेव्हा कोपऱ्यात पुष्कळदा ‘सौजन्य : सोशल मीडिया’ एवढीच ओळ असते, आणि ज्याने जीव धोक्यात घालून ते चित्रण केले त्याचे नाव कुठेच दिसत नाही. दुसऱ्या बाजूला, तालुक्याच्या वार्ताहराने दिवसभर फिरून मिळवलेली बातमी संध्याकाळी कोणीतरी यूट्यूबवर जशीच्या तशी वाचून दाखवतो आणि वर्तमानपत्राचा उल्लेखही करत नाही. कोकणात वर्तमानपत्रवाले आणि यूट्यूबवाले यांच्यात जी कटुता दिसते, तिचे मूळ बहुतेक वेळा या न विचारता घेण्याच्या सवयीत आहे, आणि ही सवय दोन्हीकडे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून आपला हक्क कसा राखावा आणि दुसऱ्याचा कसा पाळावा, या दोन्ही गोष्टी येथे एकत्र मांडल्या आहेत.

चित्रण करताना आणि चढवताना

मूळ फाईल कधीही पुसू नये. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ आकसतो आणि त्यातील तांत्रिक नोंदीही टिकत नाहीत, त्यामुळे मालकी सिद्ध करण्याची वेळ आली की कॅमेऱ्यातून निघालेली मूळ प्रतच उपयोगी पडते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवपुतळ्याचे अनावरण 4 डिसेंबर 2023 रोजी झाले आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. मधल्या काळात एखाद्या पर्यटकाने सहज केलेले चित्रणही त्या दिवशी बातमीच्या मोलाचे झाले असते. कोणते चित्रण कधी महत्त्वाचे ठरेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून महिन्यावार फोल्डर करून सर्व मूळ फाईली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात. चित्रण करतानाच स्थळ, तारीख आणि आपले नाव तोंडाने उच्चारावे, कारण कोपऱ्यातील नावाची पट्टी कापून टाकणे फार सोपे असते.

यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना परवान्याचा पर्याय तपासावा. तेथे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ निवडले गेले असेल, तर नाव देऊन तो व्हिडिओ वापरण्याची मुभा आपण स्वतःच जगाला दिलेली असते. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : तारकर्लीच्या एखाद्या रिसॉर्ट मालकाने पैसे देऊन आपल्याकडून चित्रफीत करून घेतली असेल, तर उलट करार नसल्यास कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार तिचा पहिला मालक तो ठरतो, आपण नव्हे.

वाहिनीचा फोन आला की

पाऊस कोसळत असतो, वाहिनीच्या कार्यालयातून ‘लगेच व्हिडिओ पाठवा’ असा निरोप येतो, आणि आपले नाव टीव्हीवर येईल या आनंदात आपण कोणतीही अट न घालता फाईल पाठवून देतो. येथेच थोडे थांबावे. फाईल पाठवण्यापूर्वी पुढील आशयाचा संदेश लेखी पाठवावा आणि त्यावर होकार घ्यावा : ‘हे चित्रण मी स्वतः अमुक ठिकाणी अमुक दिवशी केले आहे. ते या एका बातमीसाठी, पुढील दोन दिवस, अमुक प्रदेशापुरते, माझ्या यूट्यूब चॅनेलचे नाव पडद्यावर दाखवून वापरण्यास मी परवानगी देतो. ते अन्य कोणत्याही संस्थेला देऊ नये.’ मानधन हवे असेल तर रक्कमही त्याच संदेशात लिहावी. नंतर मागितलेले मानधन सहसा मिळत नाही.

मुदत आणि प्रदेश लिहिण्याचा आग्रह धरण्यामागे कायदेशीर कारण आहे. अशा परवानगीत, म्हणजे कायद्याच्या भाषेत परवान्यात, मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षांची मानतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर संपूर्ण भारत मानतो. दोन ओळींच्या आळसापायी पाच वर्षांचा हक्क देऊन बसणे कोणालाच परवडणारे नाही.

न विचारता उचलले असेल तर

आधी पुरावा जमवावा. प्रसारणाचे स्क्रीन रेकॉर्डिंग, दुवा, तारीख आणि वेळ हे सारे हाती येण्यापूर्वी रागाने पोस्ट टाकू नये, कारण वाहिनीने तो भाग काढून टाकला की हाती काहीच उरत नाही. त्यानंतर संपादकांना ईमेल करावा. छापील अंकात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. बातम्यांच्या संकेतस्थळांसाठी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याची तरतूद आहे, त्याचे नाव आणि पत्ता संकेतस्थळावर शोधावा. पत्रात मागणी नेमकी असावी : नाव द्यावे, अथवा चित्रण काढावे, अथवा अमुक मानधन द्यावे.

व्हिडिओ यूट्यूबवरच उचललेला असेल, तर हटवण्याची विनंती करताना सात दिवसांची पूर्वसूचना देणारा पर्याय उपलब्ध असतो. त्या मुदतीत समोरच्याने व्हिडिओ काढला तर त्याच्यावर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट भंगाबद्दल यूट्यूब चॅनेलवर नोंदवते तो ठपका, येत नाही. तालुक्यातील छोट्या वृत्तवाहिनीशी व्यवहार असेल तर हाच पर्याय निवडावा, असा माझा आग्रह आहे. उद्या पुन्हा त्याच रस्त्यावर आणि त्याच ग्रामसभेत एकमेकांशेजारी उभे राहायचे असते.

प्रकरण न्यायालयात नेण्याची वेळ आलीच, तर मुंबई किंवा नोएडापर्यंत धावण्याची गरज सहसा नसते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 नुसार फिर्यादी जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालयात, म्हणजे रत्नागिरीत किंवा ओरोसला, दावा दाखल करता येतो. मात्र त्याच कायद्याच्या कलम 52 मध्ये चालू घडामोडींचे वृत्त देण्यासाठी, तसेच टीका किंवा समीक्षेसाठी, दुसऱ्याच्या साहित्याचा उचित वापर करण्याची मुभा आहे, आणि वाहिनी त्या कलमाचा आधार घेऊ शकते. काही सेकंद नावासह दाखवणे आणि आपला संपूर्ण व्हिडिओ स्वतःचा म्हणून चालवणे यांत फरक आहे. दाव्याचा विचार दुसऱ्या प्रकारासाठी राखून ठेवावा.

वर्तमानपत्रातील बातमी वापरताना

घटनेवर कोणाचाही मालकी हक्क नसतो. ती मांडणाऱ्या शब्दांवर आणि छायाचित्रांवर असतो. म्हणून ई-पेपरचे पान पडद्यावर धरून बातमी वाचू नये. बातमीत आलेल्या सरपंचाला, तहसील कार्यालयाला किंवा मच्छीमार सोसायटीला स्वतः फोन करावा, स्वतःच्या शब्दांत सांगावे, आणि ‘ही बातमी अमुक दैनिकाच्या वार्ताहराने प्रथम दिली’ असे सुरुवातीलाच म्हणावे. तालुक्याच्या अनेक वार्ताहरांना नियमित पगार नसतो, आणि नावाचा उल्लेख हा त्यांच्या कष्टाचा किमान मोबदला आहे.

‘सगळी वर्तमानपत्रे विकली गेली आहेत’ असे सरसकट विधान करून प्रेक्षक मिळवण्याचा मोह टाळावा. बारसूच्या नियोजित रिफायनरीविषयी लिहिणारे ‘महानगरी टाइम्स’चे पत्रकार शशिकांत वारिशे यांना 6 फेब्रुवारी 2023 रोजी राजापूरजवळ गाडीखाली चिरडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. ज्या किनाऱ्यावर छापील पत्रकारितेचा वारसा इतका जुना आहे आणि तिची किंमत इतक्या अलीकडे प्राणांनी चुकवली गेली आहे, तेथे टीका करायची तर विशिष्ट बातमीवर, विशिष्ट चुकीवर आणि पुराव्यासह करावी. संपादकाची बाजू आधी विचारावी आणि ती व्हिडिओत द्यावी.

आपल्यावर स्ट्राइक आली तर

2025 च्या मे महिन्यात एएनआय या वृत्तसंस्थेच्या स्ट्राइकवरून देशभर वाद झाला. काही सेकंदांच्या दृश्यांसाठी मोठ्या रकमा मागितल्याचा आरोप काही यूट्यूबरांनी केला, तर आपण कायदेशीर हक्कांचेच संरक्षण करत आहोत, अशी संस्थेची भूमिका होती. या वादातून घ्यायचा व्यावहारिक धडा असा की ‘दहा सेकंदांपर्यंत चालते’ ही समजूत चुकीची आहे. आपल्या कायद्यात सेकंदांची कोणतीही मर्यादा दिलेली नाही.

प्रथम आलेली सूचना कंटेंट आयडीचा (दुसऱ्याच्या साहित्याशी जुळणारा भाग आपोआप शोधणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) दावा आहे की स्ट्राइक, हे पाहावे. दाव्यामुळे सहसा उत्पन्न किंवा दृश्यता बाधित होते. 90 दिवसांत तीन स्ट्राइक आल्या तर मात्र संपूर्ण चॅनेल बंद होऊ शकतो. आपला वापर खरोखर टीकेसाठी किंवा वृत्तासाठी होता अशी खात्री असेल तर प्रतिसूचना, म्हणजे व्हिडिओ परत लावण्याची यूट्यूबकडे केलेली औपचारिक मागणी, द्यावी. त्यानंतर तक्रारदाराला कायदेशीर कारवाई केल्याचा पुरावा देण्यासाठी अमेरिकी कामकाजाचे दहा दिवस मिळतात. प्रतिसूचनेत आपले नाव आणि पत्ता तक्रारदाराकडे जातो, हे ध्यानात ठेवून मगच ती पाठवावी. खात्री नसेल तर संबंधित संस्थेला नम्र पत्र लिहून स्ट्राइक मागे घेण्याची विनंती करावी. रकमेची मागणी फोनवरून झाली, तर ती ईमेलने पाठवण्यास सांगावे, आणि ते पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.