प्रोजेक्ट कॉस्टिंगची नवी फीचर्स सुरू करताय? या चुका टाळा

"अपडेटनंतर प्रोजेक्टचा खर्च चुकतोय" अशी ईआरपीबद्दल, म्हणजे कारखान्याची खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, तक्रार आली की सगळे आधी रिपोर्ट उघडून बसतात. फिल्टर बदलून बघतात, बेरजा तपासतात, कन्सल्टंटला बोलावतात. माझा अनुभव असा, की गडबड रिपोर्टमध्ये क्वचितच असते. ती बहुतेक वेळा स्टोअरच्या खिडकीवर झालेली असते, जिथे माल एका प्रोजेक्टच्या नावाने आला आणि दुसऱ्याच्या कामाला गेला.

ऑर्डर आल्यावर डिझाइन करून बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ईआरपीमध्ये बरंच काही आलं आहे: प्रोजेक्ट आणि टास्कनुसार वेगळा साठा, त्या साठ्याची वेगळी किंमत, व्यवहार होताक्षणी डब्ल्यूआयपीची (अर्धवट कामात अडकलेल्या खर्चाची) नोंद, काम संपेपर्यंत किती खर्च होईल याचा अंदाज. ही फीचर्स खरोखर उपयोगाची आहेत. पण ती सगळी एकाच गोष्टीवर उभी आहेत: मागणीपासून इश्यूपर्यंत (स्टोअरमधून माल कामाला देईपर्यंत) प्रत्येक नोंदीवर बरोबर प्रोजेक्ट नंबर.

उसना माल

एका कारखान्यात दोन प्रोजेक्ट शेजारी-शेजारी चालू होते. पहिल्याचा गिअरबॉक्स आलेला, दुसऱ्याचा रखडलेला. दुसऱ्याच्या सुपरवायझरने स्टोअरला फोन केला, "तो द्या, आमचा आला की परत ठेवतो." माल गेला. सिस्टीममध्ये तो दुसऱ्याच्या वर्क ऑर्डरवर (कामाच्या आदेशावर) इश्यू होईना, कारण साठा पहिल्याच्या नावावर होता. मग स्टोअरवाल्याने तो पहिल्याच्याच वर्क ऑर्डरवर टाकला आणि मोकळा झाला. दीड महिन्याने दुसरा गिअरबॉक्स आला, तोही जास्त दराने. जीआरएन (माल आल्याची नोंद) दुसऱ्या प्रोजेक्टवर झाली आणि वस्तू बसली पहिल्याच्या मशीनवर.

पहिल्याचा हिशोब योगायोगाने जुळला. दुसरा प्रोजेक्ट मात्र कागदोपत्री गिअरबॉक्सविना पूर्ण झाला, त्याचा नफा फुगला, आणि त्याच्या साठ्यात एक गिअरबॉक्स शिल्लक दिसत राहिला, जो रॅकवर नव्हताच. वार्षिक मोजणीत तो "तूट" म्हणून राइट-ऑफ झाला. एका प्रोजेक्टचा खरा खर्च अशा रीतीने सगळ्या कारखान्याच्या माथी गेला, आणि पुढचं कोटेशन त्याच फुगलेल्या नफ्यावर बेतलं गेलं. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

उपाय सिस्टीममध्येच असतो. ओरॅकल ई-बिझनेस सूटच्या प्रोजेक्ट मॅन्युफॅक्चरिंगमध्ये उसनवारी आणि परतफेड यांचे स्वतंत्र व्यवहार आहेत: देणाऱ्या प्रोजेक्टला माल मूळ किमतीनेच परत मिळतो, दरातला फरक घेणाऱ्याच्या माथी पडतो. इतर सिस्टीममध्ये निदान प्रोजेक्ट ते प्रोजेक्ट ट्रान्सफर सहसा असतो. तो करण्याचा अधिकार रात्रपाळीतही कोणाकडे तरी हवा. मंजुरी देणारा सकाळी दहाला येत असेल, तर लोक पहाटे तीनला पळवाट काढणारच, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

संशय आला की बघायचं काय? प्रोजेक्ट पूर्ण झालाय, पण त्याच्या नावावर साठा उरलाय, अशी यादी काढा. दुसरी यादी अशा वर्क ऑर्डरची, ज्यांच्या बीओएममधला (लागणाऱ्या भागांच्या यादीतला) महागडा भाग इश्यूच झालेला नाही. दोन्ही यादींत तोच भाग दिसला, की उसनवारीच झाली असं मानून चौकशी सुरू करा.

ओव्हरहेड दोनदा

ही चूक शोधायला सगळ्यात अवघड, कारण प्रत्येक सेटिंग वेगळं पाहिलं तर बरोबरच दिसतं. उत्पादनाच्या कॉस्टिंगमध्ये मशीन-तासावर ओव्हरहेड (थेट एका कामाला न जोडता येणारा, वाटून लावायचा खर्च) लागतो. तोच खर्च प्रोजेक्टच्या मोड्यूलकडे गेला की तिथलं बर्डन शेड्यूल (ओव्हरहेडच्या टक्क्यांचा तक्ता) त्यावर पुन्हा आपला टक्का चढवतं. प्रॉडक्शन कॉस्टिंग एका टीमने बसवलेलं असतं, प्रोजेक्टचं दुसऱ्या, आणि दोन्ही टीम कधी एका टेबलावर बसलेल्या नसतात.

एक वर्क ऑर्डर घ्या, शक्यतो एकाच ऑपरेशनची. तिचा खर्च कागदावर हाताने मांडा: माल, मजुरी, ओव्हरहेड. मग प्रोजेक्टवर पोचलेला आकडा शेजारी ठेवा. जास्तीची रक्कम आधीच ओव्हरहेड मिळवलेल्या खर्चाच्या ठरावीक टक्क्यांइतकी निघाली, तर दुखणं हेच. कोणता ओव्हरहेड कुठे लागेल हे खर्चाच्या प्रकारानुसार एकदा लिहून ठेवा आणि दोन्ही टीमच्या सह्या घ्या.

आणलेला माल म्हणजे झालेलं काम नव्हे

काम किती टक्के झालं हे खर्चावरून मोजून महसूल आपोआप दाखवणारं फीचर अनेकांना आवडतं. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १५ या महसुलाच्या आंतरराष्ट्रीय हिशोब-मानकात ही पद्धत मान्य आहे, पण तिला अटी आहेत आणि सॉफ्टवेअर त्या स्वतःहून ओळखत नाही.

समजा करार १२५ चा, एकूण अंदाजित खर्च १००. त्यातले ४० एका बाहेरून घेतलेल्या कॉम्प्रेसरचे. कॉम्प्रेसर ग्राहकाच्या ताब्यात पोचलाय, बसवलेला नाही. बाकी खर्च झालाय १२. सिस्टीम सरळ भागाकार करते: १०० पैकी ५२, म्हणजे ५२ टक्के काम, महसूल ६५, नफा १३. पण माल मोठ्या रकमेचा असेल, तो बसवण्याच्या बऱ्याच आधी ग्राहकाच्या ताब्यात जात असेल आणि त्याच्या डिझाइनमध्ये तुमचा विशेष हात नसेल, तर त्यावर नफा न धरता फक्त खर्चाइतका महसूल दाखवणं योग्य ठरू शकतं. मग प्रगती ६० पैकी १२, म्हणजे २० टक्के. महसूल ८५ चे २० टक्के, म्हणजे १७, अधिक ४०, एकूण ५७. नफा ५. तेरा आणि पाच यांत किती अंतर आहे, ते ऑडिटरला समजावताना कळतं.

कॉम्प्रेसर अजून तुमच्याच स्टोअरमध्ये असेल आणि दुसऱ्या कामाला वळवता येत असेल, तर तो साठाच. प्रगतीत धरायचाच नाही. खराब कामामुळे अनपेक्षित वाया गेलेला माल आणि मजुरीही प्रगतीतून वगळावी लागते. म्हणून स्क्रॅपला वेगळे कारण-कोड ठेवा. "इतर" हा कोड दिला, की सगळे तोच वापरतात.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

बॅकफ्लश, म्हणजे बीओएमप्रमाणे माल आपोआप वजा होणं, रोज तेच बनवणाऱ्या लाइनवर ठीक आहे. दर ऑर्डरला डिझाइन बदलतं तिथे महाग भागांसाठी ते बंदच ठेवा; नट-बोल्टपुरतं चालेल. डिझाइन विभागाने बीओएम सुधारला, तरी आधीच रिलीज झालेल्या वर्क ऑर्डरमध्ये सहसा जुनीच प्रत राहते, हेही लक्षात असू द्या.

स्टँडर्ड कॉस्टवर (आधीच ठरवलेल्या दरांवर) चालणाऱ्यांनी व्हेरियन्स, म्हणजे ठरलेल्या आणि खऱ्या खर्चातला फरक, कुठे जातोय ते बघावं. तो सरसकट एका खात्यात पडत असेल, तर प्रत्येक प्रोजेक्ट बजेटमध्येच दिसणार.

अखेरच्या खर्चाचा अंदाज अवाच्या सवा येत असेल, तर आधी उघड्या पीओ (खरेदी ऑर्डर) तपासा. शंभरपैकी ९८ नग आले, उरलेले दोन कधीच येणार नाहीत, पण ओळ बंद केलेली नाही. तेवढी रक्कम देणं म्हणून धरली जात राहते. अशा ओळी शेकड्यांनी असतात. अंदाज बांधणाऱ्या एआयला दोष देण्याआधी त्या बंद करा.

चालू महिन्यात स्विच नको

डब्ल्यूआयपी ताबडतोब नोंदवणारी पद्धत सुरू केली, पण महिनाअखेरचं जुनं सेटलमेंट जॉब (खर्च पुढच्या खात्यात वळवणारं, आपोआप चालणारं काम) शेड्यूलमधून काढायचं राहिलं, की तोच खर्च दोनदा हलण्याचा धोका. उघड्या वर्क ऑर्डर असताना कॉस्टिंगची पद्धत बदलणं आणखी वाईट: अर्धा माल जुन्या दराने आत गेलेला, अर्धा नव्याने.

चाचणीला काल्पनिक डेटा घेऊ नका. नुकताच संपलेला, ज्याचा त्रास सगळ्यांना आठवतोय असा एक खरा प्रोजेक्ट टेस्ट सिस्टीममध्ये नव्या सेटिंगवर पुन्हा चालवा. त्यातल्या सर्वांत महाग दहा वस्तू निवडा आणि मागणी, पीओ, जीआरएन, इश्यू, प्रोजेक्टचा खर्च असा एकेकीचा माग काढा. स्टोअरचा माणूस त्या टेबलावर हवाच. गिअरबॉक्स नेमका कोणत्या मशीनवर बसला, हे त्यालाच माहीत असतं.