मित्रांसोबत घाटात सायकल चालवताना या चुका टाळा

सपाट रस्त्यावर एका रांगेत झकास चाललेला ग्रुप पहिल्या मोठ्या चढावर फुटतो. मग अमक्याचा दम कमी पडला, अशी चर्चा होते. माझ्या अनुभवात दम क्वचितच कमी पडतो, चढायची पद्धत चुकलेली असते.

चढावर दुसऱ्याच्या चाकाला चिकटणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सपाटीवर ताशी 30-35 किलोमीटरच्या वेगात बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याचे कष्ट साधारण पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त कमी होतात. म्हणून तिथे चिकटून राहण्यात शहाणपण आहे. चढावर वेग 10-12 वर आला की वाऱ्याचा अडथळा फारसा उरत नाही, उरतं ते वजन.

सायकल धरून 80 किलो वजन आणि 8 टक्के चढ घ्या. ताशी 10 च्या वेगाला नुसतं वजन वर न्यायला सुमारे 175 वॅट लागतात, 12 च्या वेगाला 210. पाच किलोमीटरच्या चढावर या दोघांत अंतर पडतं फक्त पाच मिनिटांचं. तेवढ्यासाठी कुणी आपल्या कुवतीबाहेर 35 वॅट जास्त लावत बसला, तर पुढच्या दोन चढांवर त्याचे पाय उभेच राहणार नाहीत. पायथ्याशीच ठरवून टाका: प्रत्येकाने आपापल्या चालीने चढायचं, माथ्यावर भेटायचं. धाप न लागता एखादं पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर चाल बरोबर आहे.

शेवटचा पोचला की लगेच निघणं

हे मला मनापासून खटकतं. एकदा मी सगळ्यांत मागे होतो. माथ्यावर पाय टेकवला आणि आधीच दहा मिनिटं बसलेले सगळे उठले, ‘चला!’ म्हणाले. ज्याला विश्रांती सगळ्यांत जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही आणि पुढच्या चढावर तो आणखी मागे पडतो. आता आमचा नियम आहे की ‘निघूया’ हा शब्द शेवटी पोचलेल्यानेच उच्चारायचा. थांबायचं तेही रस्त्याच्या कडेला, खाली उतरून. माथा ओलांडल्यावर लगेच किंवा वळणावर थांबलात तर मागून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसतच नाही.

गिअर उशिरा बदलणं

चढ सुरू झाल्यावर, पेडलवर पूर्ण जोर असताना पुढची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) बदलली की चेन पडू शकते. चढ लागायच्या आधीच, पाय हलका असताना बदला. तरीही पडली तर घाबरून थबकू नका. चेन आतल्या बाजूला पडली असेल आणि सायकलला थोडी गती असेल, तर पुढचा गिअर मोठ्या रिंगकडे ढकलून हलके पेडल मारा, बऱ्याचदा ती आपोआप वर चढते. अडकल्यासारखी वाटली तर मात्र जोर न लावता उतरा.

दर चढाला गुडघे दुखत असतील तर दोष कॅसेटचाही (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचा) असू शकतो. पुढे 34 आणि मागेही 34 दात असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण 2.1 मीटर पुढे जाते. मागचं सर्वात मोठं चक्र 25 दातांचंच असेल तर तीच फेरी 2.85 मीटरची होते आणि प्रत्येक फेरीचा भार त्याच प्रमाणात वाढतो.

न सांगता उभं राहणं

सीटवरून उठताना पेडलचा दाब क्षणभर सुटतो आणि सायकल मागच्याच्या दिशेने सरकल्यासारखी होते. त्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला लागलं तर पडतो तो. म्हणून आधी आवाज द्या आणि पेडलवर दाब कायम ठेवून उठा. मागच्यानेही आपलं चाक पुढच्याच्या चाकाशेजारी अडकवून ठेवू नये.

उतारावर जवळ राहणं

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावून थांबायला चौपट अंतर लागतं. चढावर हातभर असलेलं अंतर उतारावर पाच-सहा सायकलींइतकं हवं. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नाही, आणि बाहेरच्या बाजूचं पेडल खाली ठेवा. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर दाबणारे ब्रेक, असतील तर लांब उतारावर ते सतत दाबून ठेवू नका, रिम तापून ट्यूब फुटू शकते. घामाने भिजलेल्या अंगाला उतारावर चांगलीच थंडी वाजते, बोटं आखडतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत. खिशात मावणारं पातळ विंडचीटर माथ्यावरच चढवा.

एकाच्या पंक्चर किटवर सगळ्यांनी विसंबणं

तुमच्या टायरच्या मापाची आणि रिमला पुरेल एवढ्या लांब व्हॉल्व्हची ट्यूब दुसऱ्याकडे असेलच असं नाही, त्यामुळे आपली आपण न्यावी. आणि नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा. काटा तिथेच राहिला असेल तर किलोमीटरभरात तुम्ही पुन्हा रस्त्याकडेला बसलेले असाल, तेही शेवटची ट्यूब वापरून.