शॉवर फिल्टर घ्यायच्या आधी नळाला काय येतंय ते बघा

शॉवर फिल्टर क्लोरीन कमी करतो, क्षार काढत नाही. कोरड्या, खाजऱ्या, नाजूक त्वचेसाठी फिल्टर घ्यायचा विचार असेल तर एवढं आधी डोक्यात ठेवा, कारण डब्यावर दोन्ही काढतो असं छापलेलं असतं आणि लोक बोअरच्या पाण्याला वैतागून क्लोरीनचा फिल्टर घरी आणतात, महिनाभर वापरतात आणि मग म्हणतात काहीच फरक नाही पडला. पडणारच नव्हता.

म्हणून पहिलं काम म्हणजे आपलं पाणी ओळखणं. मुंबईत पालिकेचं पाणी असेल तर ते भातसा, वैतरणा, तानसा इथलं साठवलेलं पावसाचं पाणी, क्षार कमी, पण उघडल्या उघडल्या कधीकधी क्लोरीनचा वास येतो. पुण्यात खडकवासल्याचं पाणी येणाऱ्यांचं पण साधारण तसंच. पण तेच वाघोली, उंड्री, हिंजवडीच्या बाजूला सोसायटी बोअर आणि टँकरवर चालत असेल तर गोष्टच वेगळी, काळ्या खडकात मुरलेलं पाणी कॅल्शियम मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना तर हे वेगळं सांगायलाच नको. आणि एकाच घरात पण पाणी बदलतं हं, पावसाळ्यात कॉर्पोरेशनचं, मार्चपासून टँकरचं, त्यामुळे "उन्हाळ्यातच खाज वाढते" असं वाटत असेल तर नुसत्या घामाला दोष देऊ नका, टाकीत काय पडतंय ते पण विचारा.

पाणी जड, म्हणजे कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं, असेल तर घरात खुणा दिसतातच. बादलीच्या आत पांढरा थर, शॉवरची भोकं बुजलेली, गिझरची कॉइल सारखी जाते, तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी नीट शिजत नाही. खात्री करायची असेल तर दोन सारख्या रिकाम्या बाटल्या घ्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं, दोन्हीत अंगाच्या साबणाचे चार चार किस टाका आणि जोरात हलवा. जड पाण्यात फेस जवळजवळ होत नाही आणि पाणी दुधट होतं. इथे शाम्पू किंवा हँडवॉश वापरू नका, त्यांचा फेस जड पाण्यात पण होतो आणि तुम्ही फसाल. आकडाच हवा असेल तर हार्डनेसचं, म्हणजे पाण्याच्या जडपणाचं, टेस्ट किट ऑनलाइन मिळतं, थेंब टाकत जायचं, लालसर रंगाचा निळा झाला की किती थेंब लागले ते मोजायचं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० आहे, त्यात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलाय, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. आरओवाला मीटर बुडवून जो टीडीएस दाखवतो तो म्हणजे हार्डनेस नाही, त्यात सगळेच विरघळलेले क्षार येतात, सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) लावल्यावर सुद्धा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. क्लोरीन बघायला फिश टँकच्या दुकानात छोटी बाटली मिळते, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे.

आता त्वचेला नक्की काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळेल. साबण आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा चिकट मळ तयार होतो, तोच बाथरूमच्या टाइल्सवर बसतो आणि अंगावर पण बसतो, धुऊन नीट जात नाही. वर साबण स्वतः अल्कलाइन, पीएच ९-१० च्या आसपास, त्वचा थोडी आम्लधर्मी. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की जड पाण्यात धुतल्यावर एसएलएस हे फेस आणणारं द्रव्य त्वचेवर जास्त शिल्लक राहतं, आणि ज्यांना एक्झिमा (इसब) आहे किंवा होता त्यांना त्याचा त्रास जास्त होतो. हे वाचून लगेच सॉफ्टनर घ्यायला पळू नका, कारण २०११ साली इंग्लंडमध्येच एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर मोठी चाचणी झाली होती, अर्ध्यांच्या घरी १२ आठवडे सॉफ्टनर बसवला आणि तरी एक्झिमामध्ये नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. दोन्ही एकत्र बघितलं तर मला तरी असंच वाटतं की आधी साबण बदला, तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सिंडेट बार (दिसायला साबणासारखाच, पण साबणाऐवजी सौम्य कृत्रिम क्लीन्झरचा) किंवा सौम्य, बिनवासाचं क्लीन्झर घ्या, सिंडेटचा जड पाण्यात तसा चिकट मळ होत नाही. मेडिकलवाल्याला सिंडेट बार म्हटलं तरी कळतं.

साबण बदलून दोन तीन आठवडे झाले, पाणी पालिकेचं आहे, क्लोरीनचा वास येतोय आणि त्वचा अजून चुरचुरतेय, तर मग शॉवर फिल्टर करून बघायला हरकत नाही. आत काय आहे ते वाचा. केडीएफ ५५ म्हणजे तांबं आणि जस्ताचे दाणे, कॅल्शियम सल्फाइट, अॅक्टिव्हेटेड कार्बन, व्हिटॅमिन सी, क्लोरीनवर काम करणाऱ्या गोष्टी याच. कार्बन गरम पाण्यात आणि शॉवरच्या वेगात कमी पडतो, म्हणून नुसत्या कार्बनपेक्षा केडीएफ किंवा कॅल्शियम सल्फाइट सोबत असलेला घ्या. "१५ स्टेज", "२० स्टेज" याला भुलू नका, एवढ्याशा डबीत प्रत्येकाचे चिमूटभर दाणे असतात. एनएसएफ १७७ (शॉवर फिल्टरसाठीचं अमेरिकेतलं मानक) असा शिक्का असेल तर चांगलं, आणि तो शिक्का पण फक्त क्लोरीन कमी करण्यापुरताच असतो.

बसवणं सोपं आहे, प्लंबर लागत नाही. आपल्याकडे शॉवरची आटी बहुतेक अर्ध्या इंचाची असते, तरी मापून घ्या. शॉवरच्या नटभोवती फडकं गुंडाळून पान्याने सोडवा म्हणजे क्रोमवर चरे पडत नाहीत, आणि दुसऱ्या हाताने भिंतीतून आलेला दांडा घट्ट धरा, तो आतून फिरला तर भिंतीत गळती सुरू होते आणि मग टाइल फोडायची वेळ येते. जुनी टेफ्लॉन टेप काढून नवी चार पाच वेढे घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, वॉशर आत आहे ना बघा, फिल्टरवरचा बाण पाण्याच्या दिशेला ठेवा, हाताने घट्ट करा आणि पान्याने अगदी थोडंसं. शॉवर न लावताच दोन तीन मिनिटं पाणी सोडा, सुरुवातीला काळपट येईल, ते बादलीत घेऊन फरशीला वापरा.

प्रेशरचं मात्र आधी बघा. टाकीच्या लगेच खालचा मजला असेल तर प्रेशर आधीच कमी असतं, फिल्टरने अजून कमी होतं, इन्स्टंट गिझर असेल तर धार बारीक झाल्यावर पाणी एकदम चटका देणारं येऊ शकतं किंवा गिझर बंदच पडतो. आणि कार्ट्रिज वेळेवर बदला. हिशोब साधा आहे, शॉवर मिनिटाला साधारण ८ लिटर सोडतो, चार माणसं पाच पाच मिनिटं म्हणजे दिवसाला १६० लिटर, डब्यावर १०,००० लिटर लिहिलंय तर दोन महिने. त्यावर "सहा महिने चालतो" लिहिलेलं असेल तर ते एकट्या माणसासाठी धरा. गावाला जाऊन आलात तर आधी थोडं पाणी वाहून जाऊ द्या, साचलेल्या ओल्या कार्बनमध्ये जंतू वाढतात.

बादलीने अंघोळ करणाऱ्यांना शॉवरच्या दांड्यावरचा फिल्टर काय कामाचा? नळाला बसणारा घ्या, किंवा रात्री बादली भरून झाकून ठेवा, सकाळपर्यंत बराच क्लोरीन उडून जातो. झाकण डासांसाठी, विसरू नका. पण हे फक्त अंघोळीच्या पाण्याचं बरं का. टाकीतल्या पाण्यातला क्लोरीन जंतूंसाठी असतो, नळाला थोडा तरी शिल्लक राहायलाच पाहिजे.

पाणी जड असेल तर शॉवर फिल्टरचा नाद सोडा. तिथे रेझिनवाला (आत बारीक प्लास्टिकसारखे दाणे असलेला) सॉफ्टनर लागतो, तो कॅल्शियम मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. एका बाथरूमपुरते गिझरच्या आधी लावायचे छोटे सॉफ्टनर मिळतात, पण ते मिठाचं काम नियमित करायची तयारी ठेवा, नाहीतर भिंतीवर नुसता डबा लटकतो. बऱ्याच सोसायट्यांत सॉफ्टनर प्लांट आधीच असतो. सेक्रेटरीला विचारा की शेवटचं मीठ कधी टाकलं, प्लांटच्या आधीचं आणि नंतरचं पाणी तपासलं का, मीटिंगमध्ये विचारा, लाजू नका, महिन्याला मेंटेनन्स आपणच भरतो. ज्यांना हे काहीच जमण्यासारखं नाही त्यांनी शेवटचे दोन तांबे तरी गोड्या पाण्याचे अंगावर घ्या, पिण्याचं कॉर्पोरेशनचं पाणी एक छोटी बादली बाजूला ठेवलं तरी पुरतं.

आणि यातलं काहीही केलं तरी अंघोळीनंतरची तीन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची आहेत. पाणी कोमट, पाच दहा मिनिटांत अंघोळ आटपा, साबण काखा, जांघा, पाय एवढ्यालाच, हातापायाला रोज कशाला? वज्री आणि खरखरीत घासणी बंद. टॉवेलने टिपून घ्या, रगडू नका, आणि अंग थोडं ओलं असतानाच मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा. खोबरेल तेल आवडत असेल तर तेही अंघोळीच्या आधी चोळून साबणाने धुऊन टाकण्यापेक्षा नंतर लावा.

एका वेळी एकच बदल करा. साबण, फिल्टर, क्रीम सगळं एकाच आठवड्यात बदललं तर गुण कशाचा आला ते कळणार नाही, आणि फिल्टर डिसेंबरच्या थंडीत लावून फेब्रुवारीत बरं वाटलं तर त्यात हवेचाही भाग असतो.

सगळा दोष पाण्यावर ढकलू नका हे पण मनापासून सांगते. घरात दोघा तिघांना रात्री खाज सुटत असेल तर खरूज असू शकते, गोल चट्टे असतील तर गजकर्ण, आणि नुसता कोरडेपणा वाढत चालला असेल तर थायरॉइड, शुगर पण तपासावी लागते. मेडिकलमधून स्टिरॉइड असलेली मिक्स ट्यूब आणून लावू नका, गजकर्ण त्याने आधी दबतं आणि मग पसरतं. महिनाभरात आराम नाही, त्वचा फाटतेय, पाणी सुटतंय तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना साबणाचं रॅपर, लावत असलेल्या क्रीम आणि तुम्ही मोजलेला हार्डनेसचा आकडा सोबत न्या.