न कोसळता बसलेले ठोसे

बॉक्सिंगच्या स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, ठोसा कसा चुकवावा हे तुमचे सर तुम्हाला शिकवतीलच. मला लिहायचे आहे ते ज्या एका समजुतीने माझी दोन वर्षे खाल्ली तिच्याविषयी: आपण कोसळलो नाही, शुद्ध हरपली नाही, म्हणजे डोक्याला काही झाले नाही.

आठवड्यातून चार दिवस पूर्ण जोराने स्पॅरिंग करून मी संध्याकाळी पदवीच्या अभ्यासाला बसत असे आणि एकच परिच्छेद तीनदा वाचूनही कोरा राहत असे. याला मी थकवा म्हणत होतो. कवटीतला मेंदू द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, बसला की डोके गर्रकन फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि त्या पिळात चेतातंतू ताणले जातात. त्यासाठी बेशुद्ध पडावे लागत नाही. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, पण हा पीळ त्याने थांबत नाही. मी मात्र हेडगार्डच्या भरवशावर हनुवटी पुढे करून ठोसे खात होतो.

स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांच्या स्पॅरिंगनंतर खेळाडूंना तपासले, तेव्हा तासाभराने त्यांची स्मरणशक्ती मंदावलेली आढळली आणि चोवीस तासांत ती पूर्ववत झाली. हे वाचून मला हायसे वाटले. मग लक्षात आले, की माझे बरेचसे स्पॅरिंग लागोपाठच्या दिवशी होत असे. शिवाय चाचणी पूर्ववत आली म्हणजे वर्षानुवर्षांचा हिशेब फिटला असे नव्हे. वर्षानुवर्षे ठोसे खाऊन मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूचा जो ऱ्हास होतो, त्याविषयी अमेरिकी डॉक्टर मार्टलंड यांनी १९२८ मध्येच लिहिले होते आणि त्यामागच्या सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) या मेंदूच्या विकाराचे पक्के निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते.

‘मार खाऊन डोके कणखर होते’ असे सांगणाऱ्या प्रशिक्षकापासून दूर राहा. व्यायामाने मान कणखर होते, मेंदू नाही. पोराचे पाय लटपटल्यावर जो फेरी तिथेच थांबवतो, त्याच्याकडे शिका, मग त्याच्या कपाटात पदके नसली तरी चालेल. डोके दुखणे, उलटी, अंधारी यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खेळ सोडा असे मी म्हणत नाही. मीही सोडलेला नाही. आता जोराचे स्पॅरिंग पंधरवड्यातून एकदा, बाकी बॅगवर. स्पॅरिंगच्या रात्री एक परिच्छेद वाचून, वही मिटून, आठवेल तेवढे लिहितो. ही काही वैद्यकीय चाचणी नव्हे, पण गेल्या वेळी दोनच ओळी जमल्या आणि पुढचे स्पॅरिंग मी रद्द केले.