बाचीच्या अलीकडे, शिनोळीच्या पलीकडे: दोन मुलखांतले किराणा दर ताडून कसे बघायचे

माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर बेळगावच्या वडगावात. म्हणजे एक घर महाराष्ट्रात, एक कर्नाटकात; मधल्या सीमेवर कर्नाटकाकडे बाची गाव, महाराष्ट्राकडे शिनोळी. एकवीस वर्षं घरात खाणावळ चालवते, सध्या सतरा ताटं आहेत. महिन्याला वीस किलो तूरडाळ लागते. किलोमागे चार रुपये इकडचे तिकडे झाले की ऐंशी रुपये गेले. ऐंशी रुपये कुणाला किरकोळ वाटतील, पण अशा दहा वस्तू धरा आणि मग बोला.

हे लिहायचं कारण माझी भाची. ती स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये असते. तिथून आठ नंबरची ट्राम धरली की सरळ जर्मनीतल्या वाइल गावात उतरता येतं. सगळे शेजारी शनिवारी पिशव्या घेऊन तिकडे जातात म्हणे. तिने विचारलं, "मावशी, पलीकडे खरंच स्वस्त असतं का गं, की नुसती हौस?" मी म्हटलं, बये, मी जर्मनी काही बघितली नाही, पण बाचीचा स्टॉप आयुष्यभर बघतेय. आम्ही करतो तसं कर.

पहिली गोष्ट, "तिकडे स्वस्ताई आहे" असं कुणी म्हटलं की त्याला विचारायचं, काय स्वस्त आहे? सगळं कुठंच स्वस्त नसतं. म्हणून वही घ्या आणि आपल्या घरात महिन्याला जे खरोखर संपतं तेवढंच लिहा. माझ्या वहीत चौदा ओळी आहेत. वर्षातून एकदा लागणारं केशर त्यात नाही आणि पाहुणे आले की आणायचे काजूही नाहीत. आमच्या शेजारणीने अशीच यादी केली होती. तिने तीत बदाम घातले, एकीकडे ते स्वस्त मिळाले, आणि तेवढ्यावर "तिकडेच परवडतं" असं ठरवून ती मोकळी झाली. वर्षाला पाव किलो बदाम खाणारं घर!

ओळीच्या पुढे तीन रकाने करा: किती लागतं, अलीकडचा दर, पलीकडचा दर. दोन्ही दर एकाच आठवड्यातले हवेत. कांद्याचा श्रावणातला भाव आणि दिवाळीतला भाव शेजारी मांडून काही कळत नाही. आणि सीमाभागात राहणाऱ्यांनी अजून एक सांभाळावं. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेवरच्या वादाने दोन्हीकडच्या बसगाड्या बंद पडल्या होत्या. अशा आठवड्यातले दर वहीत लिहू नका. तो भाव मालाचा नसतो.

आता यादीतल्या छापील किमतीच्या वस्तूंवर काट मारा. अंगाचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, चहाची पुडी. आमच्या सासूबाई जकात नाक्यांच्या काळातल्या, त्यांना अजून वाटतं की राज्य बदललं की कर बदलतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून या मालावर दोन्ही राज्यांत एकच दर आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, शांपू १८ वरून ५ टक्क्यांवर आले, ते वडगावातही आले आणि चंदगडातही. फरक असलाच तर दुकानदार छापील किमतीवर किती सोडतो एवढाच, आणि तो फरक एकाच गल्लीतल्या दोन दुकानांतही सापडतो. त्यासाठी सीमा ओलांडायची गरज नाही.

भाचीचं तसं नाही. तिचे देश दोन, कर दोन, पैसेही दोन. जर्मनीत खाण्याच्या बहुतेक वस्तूंवर ७ टक्के कर असतो. बिल ५० युरोच्या वर गेलं तर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या गिऱ्हाइकाला तो परत मिळतो, पण दुकानातून हिरवी चिठ्ठी घेऊन सीमेवर शिक्का मारून आणावा लागतो. घरी परतताना माणशी दिवसाला १५० फ्रँकपर्यंतचा माल बिनकराचा. ही मर्यादा आधी ३०० होती, १ जानेवारी २०२५ पासून निम्मी केली. त्यापुढे गेलात तर खाण्याच्या वस्तूंवर २.६ टक्के. मांस माणशी एकच किलो, वर भक्कम जकात. तिला सांगितलं, पगार फ्रँकमध्ये मिळतो ना, मग सगळे दर फ्रँकमध्येच लिही. इंटरनेटवर दिसतो त्या भावाने नको, तुझ्या बँकेने कार्डावर जो भाव लावला त्या भावाने. आणि रांगेत उभं राहून शिक्का मारणार नसशील तर तो परतावा वहीत धरूच नकोस.

खरा खेळ मापात आहे. इथं जरा बैजवार सांगते, कारण बायका हुशार असूनही इथंच फसतात.

तेल घ्या. एक लीटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं आणि पिशवीवर ते छापलेलं असतं. पण शेजारी तशीच दिसणारी दुसरी पिशवी ठेवलेली असते, तिच्यावर बारीक अक्षरात ८५० ग्रॅम. समजा पहिली १४० रुपयांना आणि दुसरी १३५ ला. हात दुसरीकडेच जातो. आता भागाकार करा: पहिली १०० ग्रॅमला १५ रुपये ३८ पैसे, दुसरी १५ रुपये ८८ पैसे. स्वस्त दिसली तीच महाग. डब्याचंही तसंच. १५ किलोचा डबा वेगळा आणि १५ लीटरचा वेगळा, लीटरवाल्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅमच असतं. हल्ली पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो. चष्मा लावा आणि तोच वहीत उतरवा.

दुधाने तर मला स्वतःला गोंधळात पाडलं होतं. जून २०२४ मध्ये आमच्या कर्नाटकातल्या नंदिनी दुधाचं पाकीट दोन रुपयांनी वाढलं, पण आत ५० मिली दूध जास्त यायला लागलं, म्हणजे अर्ध्या लीटरचं पाकीट ५५० मिलीचं. मी वहीत नुसतं "दूध महागलं" असं लिहून बसले. १ एप्रिल २०२५ ला ते वाढीव ५० मिली गेलं आणि वर लीटरला ४ रुपये चढले. खरी महागाई ती होती, आणि माझ्या वहीत तिचा पत्ताच नव्हता, कारण मी मिली लिहितच नव्हते. तेव्हापासून दुधाची ओळ लीटरमध्ये. त्यातही सारखं दूध सारख्याशी लावायचं. निळं पाकीट म्हणजे टोन्ड, ३ टक्के स्निग्धांश. फुल क्रीम म्हणजे ६ टक्के. माहेरच्या वहिनीच्या घरचं म्हशीचं दूध आणि माझं निळं पाकीट यांची तुलना करून "कर्नाटकात दूध किती स्वस्त" म्हणणं म्हणजे ताक आणि दही एका भावात धरणं झालं.

तांदळाच्या पोत्याचा भाव तर कधीच विचारू नका, किलोचा विचारा. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्यावर ५ टक्के कर बसला, सुट्यावर नाही. मग काय, २६ किलोची पोती दिसायला लागली! दोन पोती शेजारी ठेवली तर डोळ्याला एक किलोचा फरक कळत नाही.

आणि शेर. चुरमुरे, पोहे, कुठंकुठं शेंगासुद्धा अजून शेरावर मिळतात. वहिनीकडचं शेराचं माप आणि आमच्या गल्लीतलं माप एकात एक बसत नाही, मी घालून बघितलंय. यावर उपाय एकच: एकदा शेरभर आणून घरच्या काट्यावर तोलायचं आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा.

एवढं करूनही मी मिरचीत फसले. आमच्याकडची गंमत बघा. संकेश्वर गाव कर्नाटकात, पण संकेश्वरी मिरचीचे सौदे महाराष्ट्रात, गडहिंग्लजच्या मार्केट यार्डात. त्यामुळे मिरचीसाठी सीमा ओलांडणं आमच्याकडे रीतच आहे. मसाल्याच्या दिवसांत एका बाजारात किलोला २५० रुपयांनी मिरची मिळाली. पेठेत तशीच मिरची २८० होती. पाच किलो घेतली, खूश होऊन आले. गच्चीवर धोतर पसरून वाळत घातली, तर पहिल्याच उन्हात धोतर ओलं! मूठ आवळून बघितली तर मिरची कडकड मोडायच्या ऐवजी मऊ वाकत होती. सासूबाई जिन्यातून म्हणाल्या, "काय हुडकूलीस गे त्यात?" दोन दिवस वाळवली, देठं खुडली, तोलली तर चार किलो शंभर ग्रॅम. साडेबाराशे भागिले चार पूर्णांक एक, म्हणजे किलोला ३०५. पेठेतली मिरची देठ काढलेली आणि कडक वाळलेली होती, तीच परवडली असती. म्हणून मिरची, गूळ, शेंगा यांचा वहीतला दर म्हणजे घरी आणून, निवडून, वाळवून जे उरतं त्याचा. मिरची घेताना मूठभर कानाजवळ धरून हलवा. आत बी खुळखुळलं तर वाळलेली. गुळाची ढेप बारदानासकट तोलत असतील तर आधी बारदान तोलून घ्या.

वाण तोच आहे ना, हेही बघा. "इंद्रायणी" म्हणून काहीही विकतात. आजऱ्याचा घनसाळ आणि बेळगाव बासमती दोन्ही वासाचे तांदूळ, पण एकाचा भाव दुसऱ्याला लावून चालत नाही. तूरडाळीत कलबुर्गीकडची आणि लातूरकडची शिजायला वेगळी लागते. मी दोन्हीची एकेक वाटी एकाच कुकरात वेगवेगळ्या डब्यांत लावते. जी लवकर गळते ती दोन रुपये महाग असली तरी गॅसात भरून निघते.

कधीकधी दर खरा असतो पण बाजाराचा नसतो. आमच्या बेळगावची भाजी चोर्ला घाट उतरून गोव्यात जाते आणि तिथल्या फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यावर सवलतीच्या दरात मिळते. माझ्या दिराने डिचोलीहून फोन केला, "वहिनी, तुमचाच कोबी इथं तुमच्यापेक्षा स्वस्त!" खरंच होता. पण ती सरकारने पदरचे पैसे घालून केलेली स्वस्ताई. अशा दराला वहीत गोल करा, त्यावर महिन्याचा बेत आखू नका.

मग जाण्यायेण्याचा खर्च. आम्हा बायकांना ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, आधार दाखवायचं. म्हणजे बाचीपर्यंत फुकट. तिथून चालत किंवा वडापने, म्हणजे शेअर जीपने, शिनोळी, पुढे एसटीत अर्धं तिकीट, ते १७ मार्च २०२३ पासून. नवऱ्याने स्कूटर काढली तर हिशेब उलटा होतो. पेट्रोल घाला आणि मग बघा चार किलो गुळात काय उरतं. आणि आपला वेळ. मी अर्धा दिवस बाहेर असले तर भाकऱ्यांना बाई लावावी लागते, तिचे पैसे मी वजा करते. ज्यांना वेळ मोकळा आहे त्यांनी करू नयेत.

उधारीही विसरू नका. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार कानडी, मी मोडकं कानडी बोलते, "एष्टु री?" म्हणजे "किती हो?" एवढ्यावर निभतं. तो महिनाभर वहीवर माल देतो. मुलांचे खाणावळीचे पैसे येईपर्यंत त्याच्याच जिवावर चूल पेटते. किलोमागे रुपया जास्त घेतो, तो मी देते.

हे सगळं वजा करून माझ्या चौदा ओळींतल्या तीनच उरल्या: तांदूळ, गूळ, मिरची. बाकी सगळं वडगावात नाहीतर रविवार पेठेत. भाचीने महिनाभर वही लिहून कळवलं, तिच्या बाविसातल्या सात उरल्या, आणि त्यातलं चीज एकटीच खाते म्हणून तीही ओळ खोडली.

आता मी शिनोळीपर्यंतही फारशी जात नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वहिनी बाचीच्या स्टॉपवर तांदूळ आणि गूळ घेऊन येते, मी बेळगावच्या बाजारातला कांदा-बटाटा आणि तिच्या नातवाला कुंदा नेते. ताणकाटा तिच्या पिशवीत असतो. माझा कांदा ती तोलते, तिचा तांदूळ मी. गेल्या खेपेला माझा कांदा शंभर ग्रॅम कमी भरला, आणि बस येईपर्यंत ती मला त्यावरून बोलत होती.