किडनी ट्रान्सप्लांटच्या आधी एक विचारा, पहिली किडनी कशानं गेली?

सोलापुरात मुतखड्याचं कुणाला काही वाटत नाही, दर घरात एक तरी असतोच. उन्हाळ्यात ४३-४४ डिग्री, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, मधले दिवस बोअरचं, त्यामुळे खडा झाला की "आपलं पाणीच जड आहे बे" म्हणायचं, कुळथाचं कढण प्यायचं, विषय संपला. माझ्या लहान भावाचं पण तेच झालं. शाळेत असताना पहिला खडा, मग दर एक-दोन वर्षांनी, पुढं अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमवर लागला तर दिवसभर घाम, म्हणून परत पाण्यालाच दोष. मित्र विचारायचे "काय बे, परत खडा?" आणि आम्ही पण हसायचो. एकोणतिसाव्या वर्षी क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) नऊवर गेलं तेव्हा हसणं बंद झालं.

डायलिसिस सुरू झालं, आई किडनी द्यायला तयार झाली, सगळे म्हणाले आता उशीर करू नका. फाईलवर कारण लिहिलेलं, स्टोन डिसीज. खडा कशाचा ते कुठंच नाही, कारण इतक्या वर्षांत चार ऑपरेशनं झाली, तरी एकदाही खडा तपासायला गेला नव्हता, दरवेळी कचऱ्यात. तर पहिलं काम हे करा, दुर्बिणीनं खडा काढणार असतील तर आधीच सांगून ठेवा की तुकडे डबीत द्या, आणि लॅबवाल्याला विचारा की इन्फ्रारेडवर तपासता का (एफटीआयआर म्हणतात त्याला). नुसत्या केमिकल टेस्टवर भरवसा ठेवू नका, त्यात आमच्या भावाचा खडा युरिक ॲसिडचा दिसला असता आणि आम्ही आणखी पाच वर्षं भलतीकडंच गेलो असतो.

आमच्या हातात पाचवा खडा होता. लालसर तपकिरी, बोटानं दाबला की गुळाच्या खड्यासारखा भुगा होणारा. रिपोर्ट आला, २,८-डायहायड्रॉक्सीॲडेनीन, थोडक्यात डीएचए. पुण्याच्या डॉक्टरांनी तीनदा वाचला. आजाराचं नाव एपीआरटी डेफिशियन्सी, जन्मजात, या नावाचं एन्झाईम काम करत नाही, मग शरीरातलं ॲडेनीन वाया जातं आणि त्याचं हे डीएचए बनतं जे लघवीत विरघळतच नाही, खडे तर होतातच पण बारीक क्रिस्टल किडनीच्या नळ्यांत बसून हळूहळू किडनीच खलास करतात. एक्सरेत हे खडे दिसत नाहीत, सोनोग्राफी आणि सीटीत दिसतात. आणि रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल असतं, हे लक्षात ठेवा, खडा युरिक ॲसिडचा म्हणतायत आणि रक्तात तर वाढलेलं नाही असं असेल तर तिथंच थांबून प्रश्न विचारा. हे सगळं कळल्यावर आईला आठवलं, "ह्याचे लंगोट कितीही धुतले तरी गुळाच्या पाण्यासारखे डाग राहायचे रे, मला वाटायचं बोअरचं पाणी." लहान बाळांत हेच पहिलं लक्षण असतं काही वेळा. तीस वर्षं ते डाग आम्ही पाण्यावरच ढकलले.

आता मुद्द्याचं. असं काही न शोधता नवीन किडनी बसवली तर आजार तसाच राहतो, तेच क्रिस्टल नव्या किडनीत बसायला लागतात, कधी कधी काही आठवड्यांतच, आणि डॉक्टर रिजेक्शन (शरीर नवी किडनी नाकारतंय) समजून स्टिरॉइड वाढवत बसतात. बायोप्सीत (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतात त्यात) क्रिस्टल दिसले तरी ऑक्झलेटचे समजून चूक होते. जगात कितीतरी पेशंटना हा आजार ट्रान्सप्लांट फेल जायला लागल्यावरच कळलाय. आणि चीड येण्यासारखी गोष्ट ही की याच्यावर गोळी आहे, ॲलोप्युरिनॉल, गाऊटवाली, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, काही रुपयांना. ती डीएचए बनूच देत नाही. ट्रान्सप्लांटच्या आधीच सुरू करायची, मग आयुष्यभर. डोस डॉक्टरच ठरवणार, किडनी खराब असताना कमीपासून चढवत नेतात, आणि अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी गोळी थांबवून फोन करायचा, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. कुणाला ती सोसत नसेल तर फेबुक्सोस्टॅट असते.

खडा नसेल तर? डायलिसिसवर लघवीच कमी होते, मग लघवीत क्रिस्टल सापडतीलच असं नाही. तेव्हा रक्ताची टेस्ट, लाल पेशीतलं एन्झाईम मोजायचं किंवा एपीआरटी जीनची जेनेटिक टेस्ट, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये थोडं रक्त, बस. पण नुकतं रक्त चढवलेलं असेल तर आवर्जून सांगा, नाहीतर दुसऱ्याच्या रक्तातलं एन्झाईम मोजून नॉर्मल रिपोर्ट हातात येईल.

सगळ्या आजारांत हाच हिशोब नसतो. प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया टाईप १ (शरीरात ऑक्झलेट जास्त बनून किडनीत साठण्याचा जन्मजात आजार) मध्ये बिघाड लिव्हरमध्ये असतो, म्हणून नुसती किडनी बसवली की लिव्हर तिला परत ऑक्झलेटनं भरतं, त्यामुळे बरीच वर्षं लिव्हर आणि किडनी दोन्ही बदलणं हाच मार्ग होता, काहींना बी-६ व्हिटॅमिननं फरक पडतो, आणि २०२० मध्ये लुमासिरान नावाचं इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झालं, ते भयंकर महाग आहे. सिस्टिनोसिस (पेशींत सिस्टीन साठण्याचा जन्मजात आजार) नव्या किडनीत परत येत नाही पण डोळे, थायरॉईड, स्नायू यांच्यासाठी सिस्टिॲमीन हे औषध चालूच ठेवावं लागतं.

डोनरकडं वळतो, कारण इथं आमची खरी फजिती झाली. आईचं वय बघून मी म्हणालो मी देतो. आजार दोन्हीकडून येतो, आई आणि बाबा दोघांत एकेक बिघडलेला जीन, म्हणजे प्रत्येक भावंडाला चारात एक चान्स. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न करायची पद्धत, आमच्या आईबाबांचं पण नात्यातच. म्हणून माझी पण टेस्ट केली आणि मी पॉझिटिव्ह निघालो. आजपर्यंत एक खडा नाही, कधी दुखलं नाही. किडनी दिली असती तर भावाला काय मिळालं असतं आणि माझ्याजवळ काय उरलं असतं देव जाणे. तेव्हा भाऊ-बहीण डोनर असतील तर नुसता ब्लड ग्रुप आणि क्रॉसमॅचवर (दोघांचं रक्त जुळतं का ती टेस्ट) खूश होऊ नका, त्याच आजाराची टेस्ट करून घ्या. आईत एकच जीन बिघडलेला, तिला काही त्रास नसतो, तिच्या बाकीच्या तपासण्या चांगल्या आल्या आणि तिनंच दिली.

कागदपत्रांचं थोडक्यात. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक, त्याबाहेरचा डोनर असेल तर ऑथोरायझेशन कमिटीपुढं जावं लागतं. आधार, रेशनकार्ड, जन्मदाखले, जुने फोटो सगळं एका फाईलमध्ये ठेवा, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर ॲफिडेव्हिट आधीच करून घ्या, आमचे आठ दिवस नुसते त्यात गेले. डोनर नसेल तर हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीत (मृत डोनरच्या अवयवांची वेटिंग लिस्ट सांभाळणारी संस्था) नाव नोंदवा, सोलापूर त्यांच्याकडंच येतं. महात्मा फुले योजनेत ट्रान्सप्लांट बसतं, आणि दुर्मिळ आजारांसाठी केंद्राचं २०२१ चं धोरण आहे, त्यात ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे, महाराष्ट्रातून मुंबईचं केईएम त्याच्या सेंटरमध्ये आहे. आपला आजार त्यांच्या यादीत बसतो का ते जायच्या आधी फोन करून विचारा, मग सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट काढा.

ऑपरेशननंतरची एक गोष्ट मोठ्या अक्षरात फाईलच्या पहिल्या पानावर लिहा: ॲलोप्युरिनॉल चालू आहे, ॲझाथायोप्रिन देऊ नये. ही दुसरी गोळी ट्रान्सप्लांटमध्ये रिजेक्शन टाळायला काहींना देतात, पण ॲलोप्युरिनॉल तिला शरीरात मोडू देत नाही, ती साठते आणि रक्तपेशी बनणंच कमी होतं, जिवावर बेतू शकतं. फेबुक्सोस्टॅटचं पण तसंच. भावाला तिच्याऐवजी मायकोफेनोलेट आहे. बाहेरगावी कुठल्या वेगळ्या डॉक्टरकडं गेलं तरी ते पान पहिलं दाखवायचं.

टॅक्रोलिमसची (रिजेक्शन टाळायची रोजची गोळी) रक्तातली लेव्हल तपासायला द्यायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. आम्ही पहिल्यांदा सवयीनं घरूनच खाऊन निघालो आणि पुण्याची फेरी फुकट गेली. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघालं तर गोळीची वेळ प्रवासातच टळते, म्हणून आता आदल्या रात्रीच जातो आणि गोळी शर्टाच्या खिशात. डाळिंबाचा रस डॉक्टरांनी बंद सांगितला, ते आपल्याकडं जरा अवघडच आहे. शेंगा चटणीचं विचारलं तर म्हणाले तुझ्या आजाराचा तिच्याशी काही संबंध नाही, खा. पाणी मात्र दिवसाला तीन लिटर, लूमवर बाटली लटकवूनच ठेवलीय. लघवी अधूनमधून मायक्रोस्कोपखाली बघतात, गोल तपकिरी क्रिस्टल दिसले म्हणजे डोस कमी पडतोय किंवा गोळी चुकतेय. दिवाळीत एकदा दिसले होते, विचारल्यावर आमचे भाऊसाहेब म्हणाले चार दिवस विसरलो.

मी पण आता ॲलोप्युरिनॉल घेतो. माझी बायको मामाचीच मुलगी, त्यामुळे पुढच्या सोमवारी पोरीचं रक्त द्यायचंय, चार वर्षांची आहे, सुई बघितली की कपाटामागं लपते.