कॉम्प्रेसर गळतोय? टाका मारण्याआधी आणि नवा घेण्याआधी या चुका टाळा

रात्री शटर ओढताना हवेच्या कॉम्प्रेसरच्या गेजचा काटा 8 बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) असतो आणि सकाळी येऊन बघावं तर शून्यावर. मग टपरीवर चहासोबत सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, "किती वर्षं ओढणार? नवा घेऊन टाक." दुसरा म्हणतो, "आपला वेल्डर आहे, दहा मिनिटांत टाका मारून देईल." दोघांनीही हवा कुठून जाते ते बघितलेलं नसतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. 3 एचपीचा, बेल्टवर चालणारा, 220 लिटर टाकीचा कॉम्प्रेसर मी बरीच वर्षं वापरला. खाली लिहिलेल्या चुकांपैकी एक मी स्वतः केली आहे, बाकीच्या आसपास होताना पाहिल्या आहेत.

लाइनचा दोष कॉम्प्रेसरच्या माथी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टाकी पूर्ण भरा, मेन स्विच बंद करा आणि टाकीच्या आउटलेटचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास गेज बघा. काटा हलला नाही तर कॉम्प्रेसरचा काही दोष नाही. हवा पुढे पाइप, कप्लर (पाइप झटपट जोडायचा जोड), फिल्टर-रेग्युलेटर नाहीतर हवा मारायच्या ब्लो गनमधून जाते आहे. माझ्या ओळखीच्या एकाने ही एवढी तपासणी न करता 3 एचपीच्या जागी 5 एचपीचा कॉम्प्रेसर आणला. दाब टिकायला लागला म्हणून तो खूश होता. गळती तेवढीच राहिली, फक्त तिला हवा पुरवायला आता मोठी मोटर लागली होती.

नुसत्या आवाजावर विसंबू नका, गळती मोजा. टाकीचे लिटर गुणिले पडलेले बार, भागिले मिनिटं. 220 लिटरच्या टाकीत दाब 7 वरून 6 वर यायला 5 मिनिटं लागली, तर मिनिटाला 44 लिटर हवा जाते. 3 एचपीचा साधा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण 280 लिटर म्हणजे 10 सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास हवा देतो. म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा नुसता वाऱ्यावर. 7 बारला एक मिलिमीटरचं भोक मिनिटाला साठेक लिटर हवा सोडतं आणि आपल्या लहान कॉम्प्रेसरवर ती भरून काढायला तासाला अर्धा युनिट जातं. दिवसाचे दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दीड हजार युनिट. युनिटला 10 रुपये लावा आणि स्वतःच बघा, कप्लर बदलणं परवडतं की नाही.

शोधायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे. फक्त एक सांगतो: टेफ्लॉन टेप हे सगळ्यावरचं औषध नाही. आट्यांच्या (चुडीच्या) दिशेनेच तीन-चार वेढे आणि पहिला आटा मोकळा, एवढंच. फेरूल किंवा फ्लेअर नट असलेल्या नळीला टेप लावून काही होत नाही. तिथे हवा आट्यातून अडतच नाही, बसण्याच्या जागेवर अडते.

स्विच सुसकारतो म्हणून स्विच बदलणे

ही माझी चूक. मोटर बंद होताना प्रेशर स्विचखालून (दाब भरला की मोटर बंद करतो तो स्विच) 'फुस्स' असा आवाज यायलाच हवा. हेड (हवा दाबणारा पिस्टन-सिलिंडरचा भाग) आणि टाकी यांच्यामधल्या नळीतली हवा सोडली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला रिकाम्या हेडवर सुरू होता येतं. तो आवाज दोन-तीन सेकंदांत थांबतो. माझा थांबत नव्हता. मी स्विच बदलला, तरी तेच. दुसरा आणला, दुकानदाराशी भांडलो, पुन्हा तेच. शेवटी वैतागून स्विचकडे जाणारी ती बारीक नळी पक्कडीने दाबून बंद केली. शांत झालं सगळं! आठवड्याभरात मोटर सुरू होताना नुसती घुं घुं करायला लागली आणि एका सकाळी वाइंडिंग जळालं, कारण रोज ती भरलेल्या हेडवर जोर लावून सुरू होत होती.

दोष होता टाकीच्या तोंडाशी बसवलेल्या, हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये. त्याच्या सीटवर कार्बनची खपली अडकली होती, म्हणून टाकीतली हवा उलटी येऊन स्विचखालून बाहेर पडत होती. आवाज स्विचपाशी, आजार हातभर लांब. हे ओळखायला सोपं आहे: मोटर बंद असताना सुसकारा चालू राहिला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मोटर चालू असतानाच तिथून हवा येत असेल तर स्विचचा अनलोडर, म्हणजे ती 'फुस्स' हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह. टाकी पूर्ण रिकामी करून व्हॉल्व्ह उघडा, साफ करा, आतली चकती झिजली असेल तर बदला. काही शे रुपयांचं काम आहे. मी मोटर रिवाइंड करून ते शिकलो.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून हवा येते म्हणून तिथे प्लग ठोकणारे लोकही मी पाहिलेत. त्याबद्दल एवढंच की व्हॉल्व्ह बदला, आणि तोवर मशीन बंद ठेवा. दोन स्टेजच्या (हवा दोन टप्प्यांत दाबणाऱ्या) कॉम्प्रेसरवर मधल्या नळीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडत असेल तर बहुतेक वेळा तो बिचारा बरोबर असतो. दुसऱ्या स्टेजच्या व्हॉल्व्ह प्लेटा हवा धरत नसतात आणि मधला दाब चढत जातो.

टाकीला टाका

आता मूळ मुद्दा. कॉम्प्रेसर ठेवायचा की काढायचा हे टाकी ठरवते. बाकीचं सगळं बोल्टने जोडलेलं असतं, काढून बदलता येतं.

आपल्याकडचा पावसाळा लक्षात घ्या. जुलैत दमट हवा खेचत 3 एचपीचा कॉम्प्रेसर दिवसाला चार तास चालला तर लिटरभर पाणी सुटतं, आणि त्यातलं बरंचसं टाकीच्या तळाशी बसतं. ड्रेन कॉक रोज उघडला नाही तर टाकी आतून, तळाच्या रेषेवर गंजत जाते. बाहेरचा रंग तसाच चकाकत असतो. एक दिवस ड्रेनच्या आसपास टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं, साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा येतो आणि आपण म्हणतो, "एवढंसंच तर आहे."

एवढंसं नसतं ते. तिथे पत्रा झिजून संपला म्हणून भोक पडलं. आजूबाजूचा पत्राही कागदावर आलेला असतो. त्यावर वेल्डिंग केलं की पातळ पत्र्याला उष्णता बसते आणि टाक्याच्या कडेला नवी कमजोर जागा तयार होते. एमसीलची तर गोष्टच सोडा. 40 सेंटिमीटर व्यासाच्या टाकीत 8 किलोचा (म्हणजे साधारण 8 बारचा) दाब असताना तिच्या दोन्ही टोकांच्या झाकणांवर प्रत्येकी दहा टनांचा जोर असतो. भरलेला ट्रक समजा. अशी टाकी फाटते तेव्हा हवा हळूहळू गळत नाही, पत्रा एका क्षणात उलगडतो. आणि टाकी असते कुठे? आपण काम करतो तिथे, पायाशी.

म्हणून माझा नियम कडक आहे: तळाला गंजाने पडलेलं भोक दिसलं की टाकी गेली. वेल्डर कितीही हुशार असो. शंका असेल, भोक नसेल पण ड्रेनमधून तांबडं-काळं गंजाचं पाणी आणि खपल्या येत असतील, तर एमआयडीसीच्या आसपास पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजून देणारे लोक असतात, त्यांना बोलवा. नाहीतर हायड्रो टेस्ट करून घ्या. ती टेस्ट पाण्यानेच करायची असते, कारण पाणी दाबलं जात नाही. टाकी हरली तर गळते, उडत नाही. हवा भरून "बघू किती धरते" असं कुणी म्हणालं तर त्याच्या शेजारी उभं राहू नका. कारखाना म्हणून नोंदणी असेल तर दाबाच्या यंत्रांची नियमित तपासणी करावीच लागते; 2025 पर्यंत ती 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 31 खाली होती. नोंदणी नसली तरी टाकीला ते ठाऊक नसतं.

टाकी गेली म्हणजे सगळा कॉम्प्रेसर गेला असं मात्र नाही. बिडाचं हेड आणि मोटर चांगली असेल तर तेवढ्याच कामाच्या दाबाची, कंपनीची पाटी असलेली नवी टाकी घेऊन जुनं हेड तिच्यावर चढवता येतं. जुन्या बाजारातून पाटी नसलेली टाकी किंवा रिकामा गॅस सिलिंडर आणून जोडण्याचा जुगाड करू नका. ती किती झिजली आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

हेड: कधी रिंगा, कधी रामराम

एअर फिल्टर काढून कॉम्प्रेसर चालू असताना तोंडाशी हात धरा. हवा उलटी हातावर आली तर इनलेट व्हॉल्व्ह. ब्रीदरमधून (हेडच्या तेलाच्या भागातली हवा बाहेर सोडणारं तोंड) दणके येत असतील आणि लाइनमध्ये तेल येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. हेडच्या जोडावर काळी रेघ दिसली तर गॅस्केट. ही तिन्ही कामं करून घ्यावीत, बिडाच्या हेडला पार्ट मिळतात. सिलिंडरला आत नखाला लागेल एवढा ओरखडा असेल किंवा क्रँकला खेळ असेल तर नव्या हेडचा भाव विचारा. इंजिन ऑइल ओतून चालवलेल्या हेडच्या व्हॉल्व्हवर कार्बन लवकर साचतो, म्हणून कॉम्प्रेसर ऑइलच वापरा. डायरेक्ट ड्राइव्हचे (बेल्ट नसलेले, थेट मोटरवर चालणारे) छोटे, स्वस्त, कर्कश कॉम्प्रेसर मात्र मी दुरुस्तीला काढत नाही. पिस्टन-सिलिंडरचा सेट आणि मजुरी मिळून नव्याच्या अर्ध्या किमतीवर जातात.

आणि गळती भरून काढायला प्रेशर स्विचचा स्क्रू पिळून दाब वाढवू नका. दाब वाढला की त्याच भोकातून जास्त हवा जाते.

माझी टाकी दोन वर्षांपूर्वी गेली. हेड काढून ठेवलं, नव्या टाकीवर बसवलं, आजही तेच चालतंय. जुनी टाकी भंगारवाल्याला देण्याआधी मी तिला ड्रिलने चार ठिकाणी भोकं पाडली. तो कुरकुरला, "साहेब, अशी विकली जात नाही." तेवढ्यासाठीच पाडली होती.